अठ्ठावीस क्रमांकाचा अभिप्राय

थोरल्याने अभिप्राय वाचून संपवला आणि कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही बरं लिहिलेलं सापडणार होतं. मागची बाजू कोरी होती. सभागृहात तीनशे माणसं बसली होती आणि त्या वेळी एकालाही खोकला आला नाही.

“क्रमांक अठ्ठावीस,” तो माईकमध्ये म्हणाला. “नियमाप्रमाणे आता केंद्राचं नाव जाहीर होईल. केंद्रप्रमुखांनी कृपया उभं राहावं.”

सहाव्या रांगेत त्याची धाकटी बहीण उभी राहिली.

मग मात्र कुजबुज सुरू झाली. अहो, ही तर बाईंची मुलगी! पहिल्या रांगेत बाई, म्हणजे संस्थेची पहिल्यापासूनची विश्वस्त आणि या दोघांची आई, समोरच्या पडद्याकडे बघत ताठ बसून होती. पडद्यावर जाळ्याचं बोधचिन्ह होतं आणि खाली ‘पंचवीस वर्षे’. पाच वाजता तिला मानपत्र द्यायचं होतं. त्यासाठीच तर सगळं घर आज इथे गोळा झालं होतं.

कागदोपत्री संस्थेचं नाव चांगलं अडीच ओळींचं होतं, पण देशभर सगळे तिला नुसतं ‘जाळं’ म्हणत. स्टार्टअप काढायला निघालेल्यांना जागा, यंत्रं आणि चार शहाण्या माणसांचा सल्ला पुरवणारी एकशे चाळीस उबवणी केंद्रं, आणि त्या सगळ्या केंद्रांना एकमेकांशी बांधून ठेवणारी ही बिननफ्याची संस्था. दर तीन वर्षांनी प्रत्येक केंद्राचा अहवाल नाव-गाव खोडून, नुसता क्रमांक घालून विश्वस्तांमधल्या तिघा परीक्षकांकडे जाई. त्यांचे अभिप्राय वार्षिक सभेत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जात, मग केंद्राचं नाव सांगितलं जाई, मग जेवण, आणि जेवणानंतर केंद्रप्रमुखाचं उत्तर आणि हात वर करून मतदान. जेवणाआधी बदनामी, जेवणानंतर खुलासा, असं सभासद हसून म्हणायचे. ज्याचा क्रमांक लागे तो हसत नसे.

आज पहिला अभिप्राय बरा होता, दुसरा धड हो ना धड नाही. तिसऱ्याने मात्र काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

‘सात कंपन्या. सातही चौथ्या ते सहाव्या वर्षात. जाळ्याची मुदत तीन वर्षांची आहे. एकही बाहेर पडलेली नाही, एकही बंद केलेली नाही. प्रत्येकीपुढे शेरा एकच : अजून थोडा वेळ हवा. हे उबवणी केंद्र राहिलेलं नाही, पाळणाघर झालं आहे. मुलं मोठी होऊन घरी जावीत असं चालवणाऱ्यालाच वाटत नाही. मान्यता काढून घ्यावी. लोभ असावा, लाड नसावेत.’

शेवटच्या वाक्याला थोरला अडखळला होता. सभागृहातल्या दोनशे पंच्याण्णव लोकांना वाटलं, अक्षर लागलं नसेल.

ज्या महाविद्यालयात सभा होती, त्यांनी घरच्यांसाठी परीक्षा विभागाची खोली उघडून दिली होती. भिंतीला लावलेली कुलूपबंद लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि टेबलावर जेवणाचे पाच खोके. मास्तरांनी, म्हणजे वडिलांनी, आपला खोका उघडून सँडविच खायला घेतलं होतं. चाळीस वर्षं गणित शिकवून त्यांना एवढं पक्कं कळलं होतं की मधली सुट्टी वाया घालवायची नसते.

थोरला आत आला तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. सव्वातीनला पुन्हा सभा. त्याने दार लोटून घेतलं.

“कोणी लिहिलंय?” धाकटीने विचारलं. ती बसली नव्हती.

“परीक्षकाचं नाव सांगता येत नाही. तुला माहीत आहे.”

“दादा, मला नियम शिकवू नकोस. शेवटच्या वाक्याला का अडखळलास?”

“कोण अडखळलं?” मास्तरांनी विचारलं. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे आणि धाकटी नेमकी डावीकडे होती.

“वसतिगृहात असताना मला दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं,” धाकटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट रुतले होते. “तुलाही यायचं. प्रत्येक पत्राच्या खाली काय असायचं?”

थोरला बोलला नाही. त्याची बायको बोलली. वहिनी दातांची डॉक्टर होती. रोज तोंड उघडं ठेवून काहीच न बोलणाऱ्या माणसांशी तिची गाठ, त्यामुळे घरात कोणी गप्प बसलं तर ती फार वेळ खपवून घेत नसे. “ती पत्रं आमच्या कपाटात आहेत,” ती म्हणाली. “सगळ्या पत्रांखाली तेच आहे. आई, तुम्ही लिहिलंय हे?”

आईने चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला. घराचं झाकण दोनदा लागलं नाही, तिसऱ्यांदा लागलं.

“मीच लिहिलंय,” ती म्हणाली.

धाकटीने मान डोलावली. हे तिला माहीतच होतं. पण माहीत असणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं. “अकरा वर्षं मी ते केंद्र चालवतेय,” ती म्हणाली. “अकरा वर्षं! माझ्या अहवालाची बावीस पानं तू वाचलीस आणि तुला तुझ्या मुलीचं काम ओळखू आलं नाही? एवढी परकी आहे मी?”

आईने फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. नाही आलं ओळखू. एका शब्दात सगळं निभावलं असतं. नियम शाबूत, मानपत्र शाबूत, पाच वाजता टाळ्या. मुलगी वर्षभर बोलली नसती, मग बोलली असती. तो शब्द जिभेवर होता, आणि मुलीच्या तोंडाकडे बघून आईला तो उच्चारवेना.

“नाव-गाव सगळं खोडलेलं असतं गं,” थोरला घाईघाईने म्हणाला. “तिला कसं ओळखू येणार? कोणालाच आलं नसतं.”

“तुला विचारलंय का?” वहिनी म्हणाली.

“मी आपलं सांगतोय.”

“तू कधीपासून आपणहून सांगायला लागलास?” तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात त्याचा कान कधी लाल होतो ते तिला पाठ झालं होतं. “कुठली फाईल कोणाकडे जाते ते कसं ठरतं?”

“चिठ्ठ्या काढतात. कार्यालयात.”

“कार्यालयात म्हणजे कोण?”

थोरला खुर्चीत बसला. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. सहा महिने जाळ्याचा संचालक म्हणून त्याने हे पोटात ठेवलं होतं, आणि हातून झालेली ती एकमेव लबाडीही त्याला धड जमली नव्हती.

“अठ्ठावीस नंबर मी आईच्या पाकिटात घातला,” तो म्हणाला. “चिठ्ठी न काढता.”

मास्तरांनी सँडविच खाली ठेवलं. हे त्यांना उजव्या कानाने स्पष्ट ऐकू आलं होतं.

“हिचं केंद्र या वर्षी जाणार हे मला दिसत होतं,” थोरला बहिणीकडे न बघता बोलत राहिला. “परीक्षकाने केंद्र ओळखलं तर दोन दिवसांत फाईल परत करायची, असा नियम आहे. परत आली की त्या वर्षी दुसरा परीक्षक नेमत नाहीत. दोनच अभिप्राय उरतात, आणि दोनांवर निर्णय होत नाही. केंद्र आपोआप वर्षभर पुढे जातं. मला वाटलं, आई ओळखेल, परत करेल, आणि हिला एक वर्ष मिळेल. तेवढ्यात हिने काहीतरी सावरलं असतं.”

“आणि तिने परत केली नाही,” मास्तर म्हणाले.

“नाही.”

“मग दोनच शक्यता उरतात.” मास्तरांनी रुमालाने बोटं पुसली. “एक, तिने ओळखलं नाही. दोन, तिने ओळखलं.”

बाहेरच्या व्हरांड्यातून जेवायला निघालेल्या लोकांचे आवाज येत होते. कोणीतरी मोठ्याने हसलं. खोलीत चौघंही आईकडे बघत होती.

धाकटीला ते तेव्हा उमगलं. आईने ओळखलं नाही या रागाच्या भरात मघापासून ती उलट्या टोकाने ओढत होती. ती टेबलाला वळसा घालून आईच्या समोर येऊन उभी राहिली.

“आई, तू शंभर तरी केंद्रांवर अभिप्राय लिहिले असशील. ते वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिलंस कधी?”

“नाही.”

“मग याच्याखाली कसं आलं?”

“सवयीने हात गेला,” आई म्हणाली. “पाकीट बंद केल्यावर लक्षात आलं. पुन्हा उघडावंसं वाटलं नाही.” मग तिने मुलीच्या डोळ्यांत बघितलं. “पहिल्या पानावर ओळखलं मी. सात वेळा ‘अजून थोडा वेळ हवा’ असं कोण लिहील? शाळेत असताना भाजीची वाटी तशीच ठेवून तू हेच म्हणायचीस.”

धाकटीला हसू आलं आणि त्याच क्षणी रडू आलं, आणि दोन्हींचा तिला संताप आला. आईने आपल्याला ओळखलं होतं याचा तिला आनंद झाला होता. एवढा अपमान पदरात असताना आनंद व्हावा, याची तिला लाज वाटली.

“ठीक आहे,” थोरला उठला. आता तो भाऊ नव्हता, संचालक होता. “हे या खोलीत राहील. बाहेर कोणालाही ते वाक्य माहीत नाही. आई, ओळखूनही फाईल ठेवून घेणारा परीक्षक विश्वस्त राहू शकत नाही, हा नियम तुझाच आहे. पुतण्याचं केंद्र पास करणाऱ्या त्या विश्वस्ताला तू भर सभेतून उठवलं होतंस, आठवतंय ना? लोक आज तुला उठवतील. पंचवीस वर्षांचं नाव दहा मिनिटांत जाईल.”

“आणि माझं केंद्र?” धाकटीने विचारलं.

“तू दोन वर्षांनी पुन्हा अर्ज कर.”

“दोन वर्षं माझ्या सात कंपन्या काय करतील? एकीचं यंत्र आत्ता दुसऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत चाचणीला लावलंय. उद्या मान्यता गेली की परवा ते यंत्र उचलून व्हरांड्यात ठेवतील.”

“वा रे वा!” वहिनी नवऱ्याला म्हणाली. “बहिणीला वाचवायला निघाला होतास ना? स्वतःच्या चिठ्ठीची भानगड बाहेर येईल म्हटल्यावर बहिणीचा बळी?”

“मी आईचा विचार करतोय!”

“तू खुर्चीचा विचार करतोयस. आईचं नाव पुढे करतोयस.”

“दोघंही गप्प बसा,” आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण दोघंही गप्प बसली. चाळिशीला टेकलेला संचालकसुद्धा.

ती मुलीकडे वळली. “तुला घरी किती वेळा सांगितलं? त्या दोन कंपन्यांत जीव नाही, त्यांना बंद होऊ दे. त्या पोरांची उमेदीची वर्षं जातायत. बाकीच्या पाच चांगल्या आहेत, त्यांना मोठ्या केंद्रांकडे जाऊ दे. तू दर वेळी ताटावरून उठून जातेस. म्हटलं, जिथून उठून जाता येत नाही अशा जागी सांगावं.”

“तीनशे लोकांसमोर?”

“तीनशे लोकांसमोर तू पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलंस.”

“तू एकदा येऊन बघायचं होतंस!” आता धाकटीचा आवाज चढला. “अकरा वर्षांत एकदा! त्या सात टेबलांवर कोण बसतं, काय करतं, हे तुझ्या डोळ्यांनी बघून मग मला काय ते बोलायचं होतंस. नातेवाइकाच्या केंद्रात विश्वस्ताने पाऊल ठेवायचं नाही, हा नियम तू पाळलास. फाईल परत करायची, हा नाही पाळलास. मला भेटायचा नियम कडक आणि मला मारायचा ढिला!”

आई नवऱ्याकडे बघायला लागली. एकेचाळीस वर्षं असा प्रसंग आला की मास्तर तिच्या बाजूने काहीतरी म्हणत, निदान घसा तरी खाकरत.

“तू चुकलीस,” मास्तर म्हणाले. “तुझं म्हणणं बरोबर आहे. उत्तर बरोबर आणि रीत चूक. मी मार्क कापले असते.”

“अहो, मला माहीत आहे ते.”

“मग सभेत जाऊन सांग.”

आई उठली. वहिनीने पुढे होऊन हात धरला, तो तिने सोडवून घेतला. दाराशी थोरला आडवा उभा होता.

“आणि चिठ्ठीचं काय?” त्याने विचारलं. तोंड उतरलं होतं. “तेही सांगणार आहेस?”

“मी माझं सांगणार. तुझं तू ठरव,” आई म्हणाली. “बाजूला हो.”

सव्वातीनच्या सभेत आई दोन मिनिटं बोलली. क्रमांक अठ्ठावीसचा तिसरा अभिप्राय माझा आहे. मी केंद्र ओळखलं होतं. फाईल परत करायला हवी होती, केली नाही. अभिप्राय रद्द समजावा आणि मी विश्वस्तपदावरून मुक्त होते. कारण तिने सांगितलं नाही, आणि माफीही मागितली नाही. नियमाप्रमाणे तिने लगेच सभागृह सोडलं. पहिल्या रांगेपासून मागच्या दारापर्यंत ती एकटी चालत गेली. कोणी उठून उभं राहावं का, हे कोणालाच ठरवता आलं नाही आणि तेवढ्यात ती बाहेर पडली. मास्तर खुर्च्यांना धडकत तिच्यामागून गेले.

थोरला माईकपाशी उभा होता. तिसऱ्या रांगेतून वहिनी त्याच्याकडे बघत होती. त्याने पाण्याचा घोट घेतला, कागद सारखे केले. “तिसरा अभिप्राय रद्द झाल्याने,” तो म्हणाला, “क्रमांक अठ्ठावीसचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलण्यात येत आहे.” आणि मग तो पुढचं काहीच बोलला नाही. वहिनीने पर्स उचलली आणि रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत ती बाहेर निघाली.

धाकटीचं केंद्र वाचलं होतं.

शेजारच्या केंद्रप्रमुखाने तिच्या पाठीवर थाप मारली. सुटलीस बघ. ती सुटली होती, आणि पुढच्या वर्षभरात आपण काय करणार हे तिला लख्ख दिसत होतं. उद्या ती केंद्रात जाईल, सातही टेबलांवरून फिरेल, सगळ्यांना हुश्श वाटेल. जीव नसलेल्या त्या दोन कंपन्यांची पोरं तिला नवा आराखडा दाखवतील आणि ती म्हणेल, बघू या, आता वर्ष आहे आपल्याकडे. पुढच्या मार्चमध्ये अहवालात ती तेच वाक्य सात वेळा लिहील. तिला स्वतःची भीती वाटली.

“मला बोलायचंय,” ती उभी राहून म्हणाली.

“आता उत्तराची गरज नाही,” थोरला म्हणाला. “विषय संपला.”

“जेवणानंतरची वेळ माझी आहे. नियम बघ.”

हे ती शहाणपणाने बोलत होती की आईच्या हातून तिचा मोठेपणा हिसकावून घ्यायला बोलत होती, ते तिलाही कळत नव्हतं. दोन्ही असेल. माईक घ्यायला ती पुढे गेली नाही, जागेवरूनच बोलली.

“अभिप्राय रद्द झाला, पण त्यात लिहिलेलं खरं आहे. माझ्याकडच्या दोन कंपन्या मी दोन वर्षांपूर्वीच बंद करायला हव्या होत्या. मला धीर झाला नाही. या महिन्यात करते. त्या मुलांना मी स्वतः सांगेन. उरलेल्या पाच चांगल्या आहेत, त्यांना आता माझा उपयोग नाही. मी मान्यता परत करतेय. पण त्या पाचांना आधी कोणीतरी घेतलं पाहिजे. एकेक केंद्राने एकेक घ्या. आत्ता सांगा.”

कोणीच हललं नाही. अशी मागणी सभेत कोणी केली नव्हती. थोरल्याला नियम सापडेना.

मग एक हात वर झाला. तिच्या एका कंपनीच्या यंत्राची चाचणी ज्याच्या प्रयोगशाळेत चालली होती, तो गृहस्थ. मग डावीकडून एक. मग दोन बायका एकमेकींशी काहीतरी बोलल्या आणि दोघींनीही हात वर केले. चार. धाकटी वाट बघत उभी राहिली. पाचवी कंपनी कुठली, हे तिच्या मनात येत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. घड्याळात किती वेळ गेला कोणास ठाऊक. शेवटी अगदी मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला, ज्याच्या केंद्राला गेल्याच वर्षी याच सभेत सगळ्यांनी फाडून खाल्लं होतं.

“माझ्याकडे एक टेबल रिकामं आहे,” तो म्हणाला.

आई व्हरांड्यात बाकावर बसली होती. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मास्तर शेजारी बसून दर दोन मिनिटांनी “काय झालं?” विचारत होते आणि ती दर वेळी “माहीत नाही” म्हणत होती. वहिनी खांबाला टेकून फोन हातात धरून उभी होती, पण बघत नव्हती.

दार उघडलं आणि धाकटी एकटीच बाहेर आली. बाकावर बसली, मास्तरांच्या उजव्या बाजूला.

“परत केली मान्यता,” तिने सांगितलं. “पाच कंपन्या पाच जणांनी घेतल्या. दोन बंद करतेय.”

“अगं वेडे!” आई जवळजवळ ओरडली. “तुला वर्ष मिळालं होतं. मी तेवढ्यासाठी तिथे उभी राहिले.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मला वर्ष नको होतं.”

आईला वाईट वाटत होतं, आणि अभिमानही वाटत होता, आणि अभिमान वाटायचा आपला हक्क आज आपणच घालवला असंही वाटत होतं.

“दादाने सांगितलं का? चिठ्ठीचं?” वहिनीने विचारलं.

“नाही. पुढचा विषय घेतलाय त्याने.”

वहिनीने मान हलवली आणि ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

“मी आता जाळ्यात कोणी नाही,” आई थोड्या वेळाने म्हणाली. “आणि तूही नाहीस.”

“म्हणजे मध्ये आता कुठला नियम येत नाही.”

“तुझं केंद्र रिकामं झालं की एकदा बघायला येईन म्हणते.”

“रिकामं झाल्यावर काय बघणार आहेस, आई? उद्या ये. उद्या सगळी असतील. त्या दोन कंपन्यांच्या पोरांना सांगायच्या आधी ये.”

आईने पदराने डोळे पुसले. तिला एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायची लाज वाटत होती. आपल्याच मुलीबद्दलची इतकी साधी गोष्ट अकरा वर्षांत आपल्याला ठाऊक नसावी, हे तिला आजच्या सगळ्यापेक्षा जास्त लागलं. पण विचारल्यावाचून इलाज नव्हता.

“सकाळी किती वाजता उघडतेस गं तू?”